कुलूप शाबूत, कोयंडा तुटलेला: नागपुरातल्या घराचा बाहेरून बंदोबस्त

घरफोडीची बातमी नीट वाचली, तर एक वाक्य हमखास सापडतं: ‘दाराचा कडीकोयंडा तोडून चोरटे आत शिरले.’ कुलूप तुटल्याचं त्यामानाने कमी वाचायला मिळतं. महागाचं कुलूप जसंच्या तसं लटकलेलं आणि कोयंडा चार स्क्रूंसकट चौकटीतून उपटलेला, असा प्रकार असतो. कुलूप घेताना आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो, कोयंडा मात्र सुताराच्या पिशवीत जो सापडेल तो लागतो.

पण कोयंड्याची पाळी नंतर येते. त्याआधी कुणीतरी रस्त्यावरून जाता जाता ते कुलूप पाहिलेलं असतं. दाराला बाहेरून लटकणारं कुलूप म्हणजे ‘आत कोणी नाही’ अशी पाटीच. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: घर रिकामं आहे हे बाहेरून कळू द्यायचं नाही, आणि तरीही कोणी हात घातलाच तर त्याला वेळ लागावा, आवाज व्हावा आणि तो चारचौघांना दिसावा. मनीषनगर, बेसा, हुडकेश्वर, झिंगाबाई टाकळी अशा लेआउटमधल्या स्वतंत्र घरांना आणि दुमजली बांधकामांना समोर ठेवून पुढचं लिहिलं आहे. फ्लॅटवाल्यांना दार, दिवा आणि कॅमेऱ्याचा भाग तेवढा लागू पडेल.

आधी रस्त्यावर उभं राहा

कागद-पेन घेऊन घराला दोनदा फेरी मारा. एकदा दुपारी दोनला, एकदा रात्री अकराला. दुपार मुद्दाम सांगतो आहोत. मे महिन्यात दोन ते चार या वेळेत लेआउटच्या गल्लीत कुत्रंही दिसत नाही, जो तो दारं लावून कूलरपुढे आडवा झालेला असतो. रात्रीइतकीच ही वेळ चोराच्या सोयीची.

समोरच्या फुटपाथवरून, मागच्या गल्लीतून किंवा रिकाम्या प्लॉटमधून, आणि जमलं तर शेजारच्यांच्या गच्चीवरून, असं तीन ठिकाणांहून पाहा. काय लिहायचं? मुख्य दाराचं कुलूप रस्त्यावरून दिसतं का. कुठे उभं राहिलं तर आपण कुणालाच दिसत नाही. पहिल्या मजल्यावर चढायला पाय कुठे ठेवता येईल. शिडी, रंगाऱ्याचा बांबू, सब्बल (पहार), फावडं असं काही सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, पडलंय का. चोराला आपलीच सब्बल आयती मिळाली, तर तो स्वतःची कशाला आणेल? शेजारी बांधकाम चालू असेल तर विटांचा ढीग आपल्या वॉल कंपाउंडला लागून आहे का. ढिगाने पाच फुटांची भिंत दोन फुटांची होते. ठेकेदाराला त्याच दिवशी सांगा: ‘भाऊ, विटा चार फूट अलीकडे घ्या.’ फार तर तो कुरकुर करेल.

नव्या टीव्हीचा खोका, एसीचं खोकं भंगारवाल्यासाठी गेटबाहेर उभं करून ठेवायची सवय मोडा. फाडून, चित्र आतल्या बाजूला घडी करून द्या.

गेट

गेटला साखळी गुंडाळून बाहेरून कुलूप लावलं, की बंद घर दुरून ओळखू येतं. उपाय फुकटात होतो: घरी असा वा नसा, गेटचं कुलूप रोज रात्री एकाच पद्धतीने, आतल्या बाजूने लावा. गेटच्या पत्र्यात हात जाईल एवढं, साधारण ४ बाय ५ इंचांचं भोक कडीजवळ वेल्डिंगवाल्याकडून पाडून घ्या. म्हणजे बाहेर पडल्यावरही हात घालून आतलं कुलूप लावता येतं. भोकाच्या कडा घासून घ्यायला लावा, नाहीतर मनगट कापतं.

बिजागऱ्या बघा. पुष्कळ गेटं नुसती खिळीवर बसवलेली असतात आणि वर उचलली की कुलपासकट निघून येतात. वरच्या खिळीच्या डोक्यावर एक वॉशर वेल्ड केला की गेट उचललं जात नाही. पाच मिनिटांचं काम.

मुख्य दार

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बाहेरचा कोयंडा वापरणंच सोडणं. दाराच्या आतल्या अंगाला बसणारं, दोन्ही बाजूंनी चावी लागणारं लॉक घ्या. बाहेरून फक्त चावीचं छिद्र दिसतं. घरात माणूस आहे की नाही, त्यावरून काही कळत नाही. घेताना दोन गोष्टी पाहा. नुसती तिरक्या जिभेची खटका-कडी असलेलं नको, ती फटीतून पातळ पट्टी सारून सरकवता येते. चावी फिरवल्यावर सरळ चौकोनी दांडा बाहेर येणारं हवं. आणि तो दांडा चौकटीत किमान २० मिलिमीटर शिरायला हवा.

बसवताना गफलत चौकटीकडच्या खाचपेटीत, म्हणजे दांडा जिच्यात शिरतो तिथे, होते. तिच्यासोबत पाऊण इंचाचे स्क्रू येतात आणि सुतार तेच पिळतो. एका लाथेत ते लाकूड सोडतात. अडीच इंचाचे स्क्रू आणून द्या, आधी बारीक भोक पाडायला सांगा. तसं न करता जुन्या सागवानी चौकटीत लांब स्क्रू पिळला तर चौकट तडकते. चौकटच हलत असेल तर लॉकवर पैसे घालण्यात अर्थ नाही. दार उघडं ठेवून चौकट दोन्ही हातांनी हलवून पाहा, सिमेंटशी भेग दिसली तर आधी चौकटीला भिंतीत धरून ठेवणाऱ्या पकडपट्ट्या नव्याने गाडून घ्या.

आपल्याकडची आणखी एक अडचण आहे. एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड आकसतं आणि पावसाळ्यात घट्ट बसणाऱ्या दाराला उन्हाळ्यात चौकटीपाशी चांगली फट पडते. कटावणीचं टोक नेमकं तिथे घुसतं. दार आत उघडणारं असेल तर चौकटीवर, बाहेर उघडणारं असेल तर दाराच्या कडेवर २५ बाय ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी उभी, वरपासून खालपर्यंत, फट झाकेल अशी लावा. माप मे महिन्यात घ्या. ऑगस्टमध्ये घेतलेलं उन्हाळ्यात चुकतं.

कोयंडा ठेवायचाच असेल, मागच्या दाराला तो लागतोच, तर असा बसवा:

१. तीन मिलिमीटर जाड पत्र्याचा कोयंडा आणि १० मिलिमीटर सळईची कडी घ्या. हाताने वाकणारा कोयंडा परत करा.

२. स्क्रू विसरा. ८ मिलिमीटर जाडीचे, ६० मिलिमीटर लांबीचे, गोल गुळगुळीत डोक्याचे बोल्ट आणा, कोयंड्याला चार. डोक्याखाली चौकोनी मान असलेलेच घ्या. दार ३५ मिलिमीटरचं असेल तर ही लांबी पुरते.

३. कोयंड्याची गोल भोकं कानसीने चौकोनी करून घ्या. ही पायरी हमखास गाळली जाते. मग मान भोकात बसत नाही आणि नट आवळताना बोल्ट जागच्या जागी फिरत राहतो.

४. दाराला साडेआठ मिलिमीटरचं भोक आरपार पाडा. बाहेरून बोल्ट, आतून ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी, वॉशर आणि नट. पट्टी एकच, चारही बोल्टांना मिळून. सुटे वॉशर फ्लश डोअरच्या पोकळीत रुततात.

५. आवळून झाल्यावर उरलेला बोल्ट कापा आणि टोक हातोडीने ठोकून पसरवा.

६. चौकटीकडची कडीही अशीच, आरपार. एक बाजू बोल्टची आणि दुसरी स्क्रूची असली तर स्क्रूची बाजू निघते, इतकंच.

कुलपाची कडी १० मिलिमीटरची, आणि लावल्यावर कडी व कोयंडा यांत बोट जाईल एवढीही मोकळी जागा नको. जागा असली की कटावणी अडकते.

दारासाठी एक इशारा. दोन्ही बाजूंनी चावीचं लॉक रात्री आतून लावलं, तर एक चावी घरातल्या प्रत्येकाला अंधारात सापडेल अशा ठरलेल्या खिळ्यावर हवी. आग लागली तर शोधत बसायला वेळ नसतो. खिळा खिडकीपासून किमान सहा फूट लांब असू द्या.

ग्रिल वजनावर घ्या

ग्रिलच्या डिझाइनवर घरात वाद होतात, वजनाचं कोणी विचारत नाही. पोकळ पाइपाची ग्रिल दिसायला भरीव असते आणि गाडीच्या जॅकने वाकते. चार बाय चार फुटांच्या खिडकीला १२ मिलिमीटर चौरस भरीव सळईचे दहा उभे गज लावले तर मधली फट बरोबर १०० मिलिमीटर येते. त्याला २५ बाय ५ च्या पट्टीची चौकट आणि दोन आडव्या पट्ट्या धरून एकूण वजन २१ किलोच्या आसपास भरतं. वेल्डिंगवाल्याला आधीच सांगा, ‘भाऊ, काट्यावर ठेवून दाखवा, मग पैसे.’ सोळा-सतरा किलो भरलं तर सळई १० ची आहे, बारा-तेरा भरलं तर पाइप आहे.

आता ग्रिल भिंतीत कशी धरली आहे ते पाहा. लाकडी चौकटीवर बाहेरून स्क्रूने लावली असेल तर एका पेचकसाचं काम आहे. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याची खाच वेल्डिंगचा ठिपका देऊन बुजवा, त्याआधी बाजूच्या लाकडावर ओलं पोतं धरा. नवी ग्रिल असेल तर भिंतीत चार इंच खोल गाडलेल्या पकडपट्ट्या, दर दोन फुटांवर एक.

झोपायच्या खोलीतली एक तरी ग्रिल आतून कुलूप असलेली, उघडणारी ठेवा. सगळ्या खिडक्या पक्क्या करून स्वतःच्याच घरात अडकायचं नाही.

कूलर: नागपूरचं खास दार

होळी झाली की कूलर खिडकीला लागतो आणि जुलैपर्यंत तिथेच राहतो. त्यासाठी बऱ्याच घरांत ग्रिल कापलेली असते. दोन-दोन फुटांचं भगदाड, त्यावर पत्र्याचा डबा टेकवलेला, बाजूच्या फटीत पुठ्ठा आणि थर्माकोल कोंबलेला. हिवाळ्यात डबा काढला की तिथे प्लायवूडचा तुकडा. अख्ख्या घराला २१ किलोच्या ग्रिली आणि इथे पुठ्ठा!

ग्रिल कापू नका. कूलर ग्रिलच्या बाहेर ठेवून गजांमधून वारा घ्या. १०० मिलिमीटरच्या फटींतून तो थोडा कमी येतो, पण येतो. आधीच कापली असेल तर त्या चौकोनात १० मिलिमीटर सळईची जाळी आतल्या बाजूने बिजागरीवर बसवा, कुलूपही आतून. तळ साफ करायला आणि ताट्या बदलायला कूलरपाशी बाहेरूनच जाता येतं, त्यामुळे जाळी रोज उघडावी लागत नाही.

दुसरी गोष्ट स्टँडची. अँगलचा तीन-चार फुटी स्टँड म्हणजे सज्जावर चढायची पहिली पायरी आणि त्यावरचा कूलर म्हणजे दुसरी. वर सज्जा किंवा बाल्कनी असेल अशा खिडकीला कूलर लावणं टाळा. दुसरी खिडकीच नसेल तर पायांऐवजी भिंतीला ब्रॅकेट ठोका, निदान पहिली पायरी जाते. पाणी भरलेल्या कूलरचं वजन शंभर किलोच्या घरात सहज जातं, तेव्हा ब्रॅकेटला १० मिलिमीटरचे चार फास्टनर पक्क्या विटेत हवेत, प्लास्टरमध्ये नव्हे. सीझन संपला की सुटा स्टँड आत घ्या.

तिसरी गोष्ट आवाजाची. कूलर चालू असताना दुसऱ्या खोलीत कपाट उचकटलं तरी ऐकू येत नाही, आणि उन्हाळ्यात सगळं घर एकाच खोलीत झोपलेलं असतं. म्हणून रात्री मधली दारं लावा आणि बाहेरच्या प्रत्येक दाराला स्वस्तातली का होईना, चुंबकाची छोटी घंटी नाहीतर आतून आडणा असू द्या. आडणा म्हणजे वाड्यातला जुनाच: दोन्ही बाजूंना भिंतीत आकडे आणि त्यांत आडवा ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप. जिन्याच्या वरच्या दाराला तर तोच लावा. ते दार बहुधा पातळ पत्र्याचं असतं आणि गच्चीवर झोपून सकाळी खाली आलं की उघडंच राहतं.

याची उलट बाजूही आहे. मे महिन्यात गल्लीतल्या सगळ्या घरांतून घरघर येत असेल आणि एकच घर गप्प असेल, तर ते बंद आहे हे सांगायला कुलूप लागत नाही. पण म्हणून गावाला जाताना कूलर चालू ठेवून जाऊ नका. टाकीतलं पाणी संपतं, कोरडा पंप जळतो. त्या घरघरीची भरपाई दिव्याने करायची.

चढायच्या जागा

ड्रेनेजच्या पाइपापेक्षा त्याचे क्लॅम्प जास्त कामाला येतात, पाय त्यांवर टेकतो. आठ फुटांच्या उंचीवर पाइपाभोवती पत्र्याची, टोकं खाली वाकवलेली झालर लावा. ग्रीस फासायचा सल्ला मिळतो; पंचेचाळीस अंशांत तो ओघळतो आणि उरलेल्यावर धूळ बसून खरखरीत पकडच तयार होते. गच्चीकडे झुकलेली आंब्याची, कडुनिंबाची फांदी सहा फूट अंतर राहील अशी छाटा.

खिडकीखाली बोगनवेल किंवा करवंद. दोन्हींना काटे आहेत आणि आपल्या उन्हात थोड्या पाण्यावर तगतात. पण तीन फुटांवर वाढू द्यायची नाहीत, नाहीतर काट्यांमागे लपायची सोय होते. हाच नियम भिंतीला. सात फुटांची बंद भिंत बांधली की आत उडी मारलेला माणूस निवांत काम करतो. चार फूट वीट आणि वर दोन फूट जाळी असली की समोरच्या काकूंना आपलं अंगण दिसत राहतं. भिंतीवर काचा रोवण्याचा फारसा उपयोग नाही, वर पोतं टाकलं की झालं. जखम होते ती मांजराला आणि चेंडू आणायला आलेल्या पोराला. आणि तारेत करंट सोडायचा विचार मनातही नको. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात करंट सोडून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात नव्या नाहीत. तो गुन्हा आहे, आणि पहिला हात बहुधा घरातल्याचाच लागतो.

दिवे

गेटवर, सांदवाडीत आणि बाजूच्या बोळात असे तीन. गेटवरचा १० वॅटचा, अंधार पडला की आपोआप लागणारा आणि उजाडल्यावर विझणारा. रात्री बारा तास लागला तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास जातात. साधा दिवा लावून गावाला गेलात तर तो भर दुपारीही जळताना दिसतो, आणि ती कुलपासारखीच पाटी आहे.

सांदवाडीत हालचालीवर लागणारा सेन्सर दिवा. सव्वादोन मीटर उंचीवर, माणूस समोरून चालत न येता आडवा जाईल अशा दिशेला लावा. आडवी हालचाल सेन्सरला लवकर कळते. मात्र हा सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या पृष्ठभागाची उष्णता यांतला फरक ओळखतो. पश्चिमेची सिमेंटची भिंत मे महिन्यात रात्री आठलाही तापलेली असते, फरक उरत नाही आणि माणूस समोरून गेला तरी दिवा लागत नाही. दिवा खराब नसतो. सेन्सरच्या नजरेत तापलेली फरशी-भिंत न येता माती किंवा झाडं येतील असा तो वळवा, आणि एप्रिल ते जून तो रात्रभर लागता ठेवा. मांजरांमुळे सारखा लागत असेल तर तोंड थोडं वर करा.

हॉलमधल्या एका दिव्याला टायमर लावा, संध्याकाळी सात ते साडेदहा. पडदे अर्धे ओढलेले असू द्या. बाहेरचा निदान एक दिवा आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. वळवाच्या वादळात लाइन गेली की गल्ली गुडूप होते.

कॅमेरा

थोडक्यात. एक गेटवर, एक मागे. आठ-नऊ फुटांवर, सज्जाच्या सावलीत. उघड्या उन्हात स्वस्त कॅमेरे टिकत नाहीत. तोंड पश्चिमेला नको, संध्याकाळभर नुसता उजेड दिसतो. पावसाळ्यात काचेपुढे कोळी जाळं विणतो आणि रात्रीच्या प्रकाशात चित्र पांढरं होतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी फडकं मारा. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोही उचलतात. महिन्यातून एकदा मागच्या आठवड्यातला एखादा तुकडा काढून बघा. वेळ चुकीची दिसत असेल तर पुढे पुरावा म्हणून घोळ होतो.

निघण्याआधीचे दोन दिवस

दूध आणि पेपर बंद करा, पण पेपरवाल्याला फाटकात उभं राहून ‘आम्ही दहा दिवस पुण्याला चाललो’ असं मोठ्याने सांगू नका. चावी कुंडीखाली, मीटरपेटीत, चपलांच्या रॅकमध्ये ठेवू नका. चोर आधी तिथेच हात घालतो. ती शेजाऱ्यांकडे द्या आणि नेमकं काम सांगा. ‘काकू, सकाळी तुमच्या रांगोळीसोबत आमच्या दारातही चार रेघा ओढाल का? तुळशीला पाणीही घाला.’ नागपुरात सडा-रांगोळी नसलेलं आणि कडुनिंबाचा पाला साचलेलं अंगण दोन दिवसांत डोळ्यांत भरतं. त्यांची दुसरी गाडी आपल्या पोर्चमध्ये उभी राहिली तर उत्तमच. स्टेशनसाठी ऑटो बोलावला असेल तर सगळ्या बॅगा आधी गेटच्या आत आणून ठेवा आणि एकदम चढवा. अर्धा तास रस्त्यावर मांडून ठेवू नका. आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात तारखा कळवून ठेवा.

परत आल्यावर कोयंडा उचकटलेला किंवा दार लोटलेलं दिसलं तर आत जाऊ नका, अजून कोणी आत असू शकतं. दाराला, कडीला हात न लावता गेटबाहेर या, ११२ ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत शेजाऱ्यांनाही अंगणात फिरू देऊ नका. मातीतले बुटांचे ठसे पहिल्या दहा मिनिटांत बघ्यांच्याच पायांखाली जातात.